तारखेचा रकाना

आमच्या आवळखोलच्या जत्रेला तारीख नसते. म्हणजे असते, पण ती देवीने दिल्यावर. भाताची झोडणी आटपली, गवत माळ्यावर चढलं, की गावचे मानकरी पावणाईच्या देवळात जमतात. अण्णा घाडी गावाच्या वतीने देवीला गाऱ्हाणं घालतात, हा मान त्यांच्या घराण्याचा; मग देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवल्या जातात आणि एकेक दिवस तिच्यापुढे ठेवला जातो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कुठलीच पडली नाही तर देवी बोललेली नाही असं समजून सगळे गपचूप घरी जातात आणि पुढच्या सोमवारी परत येतात. तोवर जत्रेचा दिवस कुणी तोंडातून काढायचा नाही, अंदाजानेसुद्धा नाही. लहानपणी मी एकदा जेवताना म्हणालो होतो की यंदा शिमग्याआधी असेल, तर आईने माझ्या पुढ्यातलं ताट उचललं होतं.

मी बाबू मेस्त्री. पावणाई साउंड सर्व्हिस माझी. गाऱ्हाण्याच्या वेळी अण्णांच्या तोंडापुढे माइक धरून उभं राहण्याचा मान माझा. हा मान मला देवीने दिलेला नाही, मीच घेतला आहे. पण इतक्या वर्षांत कुणी काढूनही घेतलेला नाही. धंदा आवाजाचा असल्यामुळे पुढे जे झालं ते मी जरा जास्तच कान देऊन ऐकलं.

हे घडलं तेव्हा मोबाइल हातात धरून बघत बसणारा माणूस म्हातारा समजला जायला लागला होता. बाकी सगळ्यांच्या कानात 'सोबत' होती. हरभऱ्याच्या दाण्याएवढं यंत्र, कानात बसवलं की दिसतही नाही. सोबत, पाऊस येईल का. सोबत, बांद्याची गाडी गेली का. सोबत, मिरच्या किती घालू. आमच्या वाडीत एका नव्या सुनेने सासूला विचारायच्या आधी सोबतला विचारलं म्हणून दोन महिने धुसफूस चालली होती. पूर्वी मोबाइलवर काही शोधलं की दहा उत्तरं दिसायची आणि त्यातलं खरं कुठलं ते आपण ठरवायचो. कानाला ते चालत नाही. कानात कुणी दहा उत्तरं वाचायला बसलं तर माणूस यंत्र काढून विहिरीत टाकेल. म्हणून सोबत एकच उत्तर देई, आणि देई ते ठाम आवाजात.

आता हे एक उत्तर तिला कुठून मिळतं, हे मला चैतालीने शिकवलं. चैताली ही अण्णांची एकुलती मुलगी. कुडाळात औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं आणि काम होतं इंटरनेटवरची पानं सोबतला कळतील अशी करून देण्याचं. काजूचे कारखाने, दाताचे डॉक्टर, तारकर्लीचे होडीवाले, सगळे तिच्याकडे यायचे. एकदा देवळाच्या पायरीवर बसून मी तिला म्हटलं, पानावर सगळं लिहिलेलं असतंच की, मग यंत्राला वाचता येत नाही का?

ती म्हणाली, बाबूकाका, तुमच्या स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या आहेत का? काकींना वासावरून कळतं धणे कुठले नि जिरं कुठलं. परका माणूस आला तर त्याला चिठ्ठ्या लागतात. यंत्र परकं आहे. पानावर 'दहा ते एक' असं लिहिलेलं असलं तर ती दवाखान्याची वेळ आहे की मुलांचं वय, हे ते अंदाजाने ठरवतं, आणि अंदाज कधी चुकतो. म्हणून पानाच्या मागच्या बाजूला, माणसाला दिसणार नाहीत अशा चिठ्ठ्या लावायच्या. हे नाव, हे ठिकाण, ही वेळ, हे मोठ्याने वाचायचं वाक्य. जगभर चिठ्ठ्यांची नावं एकच ठरलेली असतात, म्हणून आवळखोलची चिठ्ठी अमेरिकेतल्या यंत्रालाही कळते.

मला तरी पुरतं उमगेना. तेव्हा ती हसून म्हणाली, तुम्ही जन्मभर ज्याच्यापुढे माइक धरला ते काय आहे मग? आणि तिथेच पायरीवर, हळू आवाजात, बापाच्या चालीवर तिने सुरुवात केली.

"बा गे आई पावणाई म्हाराजा, आज आवळखोलची बारा पाचाची मंडळी मिळान तुझ्या पायाकडे उबी ऱ्हवली आसत म्हाराजा."

माझ्या तोंडून आपसूक गेलं, "व्हय म्हाराजा."

बघा, ती म्हणाली, कोण, कुठले, कुणाकडे आले. मग येतं काय अडचण आहे, काय मागणं आहे, कधीपर्यंत हवं आहे, झालं तर काय देणार. प्रत्येक गोष्टीला ठरलेली जागा. देवीला घोळ घालून सांगितलेलं चालत नाही, सगळं रकान्यात भरून द्यावं लागतं. आणि दर रकान्यानंतर मंडळी 'व्हय' म्हणून साक्ष देतात. बाबा जे देवीसाठी करतात तेच मी यंत्रासाठी करते.

मी हे अण्णांना जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन चैतालीला सांगितलं की देवीचंही एक पान कर. मुलीच्या कामाचा अभिमान असा वाकड्या वाटेनेच दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे.

तिने पान केलं ते बघण्यासारखं होतं. देवीची कथा, येण्याचा रस्ता, कुठल्या मानकऱ्याचा कुठला मान, ओटी कुठे भरायची, गाड्या शाळेमागच्या मळ्यात ठेवायच्या. प्रत्येक वाक्याला चिठ्ठी. फक्त जत्रेच्या तारखेचा रकाना तिने रिकामा ठेवला. घाड्याची मुलगी ती, रकाना भरेल कशी?

भात झोडून झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. जत्रांतून खाजं विकणाऱ्या मालवणच्या एका मिठाईवाल्याचा मला फोन आला की अकरा फेब्रुवारीला माझ्या दुकानावर दोन कर्णे लावून ठेव. मी म्हटलं, अकरा फेब्रुवारीला काय आहे? तो म्हणाला, तुमची जत्रा, आणि काय? मी विचारलं, कुणी सांगितलं? तो म्हणाला, सोबतने.

मी माझ्या कानातल्या सोबतला विचारलं. तिने गोड आवाजात सांगितलं, "आवळखोलच्या पावणाई देवीची जत्रा अकरा फेब्रुवारीला आहे. गाड्या ठेवण्याची सोय शाळेमागच्या मळ्यात आहे." तो मळा ऐकला आणि मी लगेच चैतालीला फोन लावला, कारण मळ्याचं फक्त तिच्या पानावर होतं.

चैताली त्याच दिवशी गावात आली. तिने शोधून काढलं तेव्हा प्रकार उघड झाला. शहरातल्या कुणा सहलवाल्याने मागच्या वर्षांच्या तारखा बघून, सरासरी काढून, आपल्या पानावर अकरा फेब्रुवारी ठोकून दिली होती. सोबतचा नियम असा की एकाच गोष्टीची दोन पानं सापडली तर दोन्ही जोडायची, आणि एकात रकाना रिकामा असला तर दुसऱ्यातून भरून घ्यायचा. चैतालीचं पान इतकं नीटनेटकं होतं, इतकं भरवशाचं होतं, की त्याला जोडलेली ती तारीखही भरवशाची ठरली. तिच्या चांगल्या कामानेच खोट्याला खऱ्याचे कपडे चढवले.

अण्णांना हे कळलं त्या दिवसापासून बापलेकीतलं बोलणं बंद झालं. देवीच्या तोंडात शब्द घातले, एवढंच ते म्हणाले, आणि ते पाठ फिरवून. चैताली कुडाळचं काम तिथूनच चालवीत घरी राहिली होती, त्यामुळे पंचाईत तिच्या आईची, शेवंतीकाकीची झाली. तिला सांग चहा झाला, त्यांना सांगा मी घेतला, असं चाले. शेवटी काकी वैतागली. "तुमी दोघांनी माका पोष्टमन समाजलात काय?" असं म्हणून ती शेजारी जाऊन बसायला लागली.

इकडे अकरा फेब्रुवारी फोफावत चालली. चाकरमान्यांनी रजा टाकल्या, रेल्वेची तिकिटं निघाली, सुरतेहून आणि बडोद्याहूनही गाड्या ठरल्या. कारण जो विचारी त्याला सोबत तेच सांगे, आणि ज्याला सांगितलं तो चौघांना सांगे. मोहन परब आमच्या देवस्थान समितीचा अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण गर्दी म्हटली की त्याच्या डोळ्यांपुढे नुसती आमची खिंड येते. देवळाकडे यायला एकच रस्ता, दोन्ही बाजूंना दरड. लाखभर माणूस न ठरलेल्या दिवशी आलं, बंदोबस्त नसला, तर काय होईल ते सांगायला सोबत नको. तो म्हणाला, अण्णा, देवीपुढे अकरा फेब्रुवारीच ठेवा. ती नाही कशाला म्हणेल?

अण्णांनी ठेवली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे काही लोक म्हणायला लागले की अण्णांनी हट्ट केला. हट्ट नव्हता. गाव म्हणतंय तर विचारू, असं म्हणून त्यांनी सगळ्यात आधी तोच दिवस ठेवला. गाऱ्हाण्यात त्यांनी लोकांच्या रजा, गाड्या, मोहनची भीती, सगळं जागच्या जागी सांगितलं. मी माइक धरला होता. देऊळ माणसांनी भरलेलं असूनही समईची वात चुरचुरलेली ऐकू येत होती.

डावी पाकळी पडली.

एकदा नाकारलेला दिवस त्या वर्षी परत ठेवायचा नाही असा आमचा रिवाज. अण्णांनी पुढचे दिवस ठेवले. त्यानंतर एकही पाकळी हलली नाही. देवी नाही म्हणाली होती आणि कधी ते सांगायला तयार नव्हती. आम्ही घरी आलो. पुढच्या सोमवारीही तेच झालं.

मग मोहनने समितीची बैठक बोलावली. बैठकीत ठरलं काय, तर तारीख अकराच जाहीर करायची. दोन मुक्या पाकळ्यांसाठी लाख माणसांचा जीव टांगणीला लावता येत नाही, असं तो म्हणाला, आणि खरं सांगायचं तर निम्म्या लोकांच्या मनात तेच होतं. अण्णांनी शांतपणे सांगितलं की मग गाऱ्हाणं दुसऱ्याने घालावं. आईने नाय म्हटलेल्या दिवशी मी तिच्यापुढे उभा राहणार नाही. सात पिढ्यांचा मान त्या माणसाने खुंटीला टोपी टांगावी तसा सोडून दिला आणि तो घरी चालत गेला.

चैताली मागे राहिली. अण्णांनी मानच सोडलेला बघून मोहन हबकला होता, त्याने दुसरी वाट काढायला तिला गाठलं. त्याचं म्हणणं सरळ होतं: तुझ्या पानावर कुठलीही एक पुढची तारीख घाल. एप्रिलातली घाल. रकाना भरला की सोबत तुझंच ऐकेल, अकराची गर्दी टळेल, तुझ्या वडिलांचा मान राहील. पुढे खरी तारीख आली की बदल. कुणाचं काय जातंय?

ती म्हणाली विचार करते. आणि खरोखरच तिने विचार केला असणार, कारण दुसऱ्या दिवशी माझ्या शेडमध्ये आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. माझ्या शेडमध्ये कर्ण्यांची चाचणी घेण्यासाठी एक खोली आहे, भिंतींना गोणपाट आणि काथ्या मारलेली. तिथे बाहेरचा आवाज येत नाही. तिला शांत जागा हवी होती.

"काका, एप्रिल घालणं एका मिनिटाचं काम आहे," ती म्हणाली. "तेवढं केलं तर बाबांना परत देवळात उभं राहता येईल. पण ते उभे राहतील ते माझ्या खोट्यावर. त्या सहलवाल्यात आणि माझ्यात मग फरक काय?"

मला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. पण आम्ही मेस्त्री, आमचे हात तारांतच चालतात. मी चहा करून आणला.

तिने सोबतच्या कंपनीला दुरुस्ती कळवली होती. यंत्राने यंत्रासारखंच उत्तर दिलं: योग्य तारीख द्या, लगेच बदलू. योग्य तारीख नव्हतीच. मग तिने चिठ्ठ्यांचा सगळा जगभरचा कोश धुंडाळला. कार्यक्रम रद्द झाला, त्याला चिठ्ठी होती. पुढे ढकलला, त्याला होती. जागा बदलली, त्यालाही होती. पण 'अजून ठरलेलं नाही, आणि ठरवणारा अमुक आहे' याला चिठ्ठीच नव्हती. ज्यांनी हा कोश केला त्यांच्या जगात कार्यक्रम आधी ठरतो आणि मग जाहीर होतो. न ठरलेला कार्यक्रम म्हणजे त्यांच्या लेखी नसलेला कार्यक्रम, आणि रिकामा रकाना म्हणजे आळस. यंत्र तो आळस भरून काढत होतं. यंत्राला कुणी गप्प राहायला शिकवलंच नव्हतं.

हा कोश कुणा एका कंपनीचा नाही. जगभरची मंडळी मिळून तो चालवतात, कुणीही नवी चिठ्ठी सुचवू शकतो, आणि सगळ्या कंपन्यांची यंत्रं तो मानतात. चैतालीने तीन रकान्यांची चिठ्ठी सुचवली. एक, ठरलेलं नाही. दोन, कोण ठरवणार आणि कुठे सांगणार. तीन, तोवर यंत्राने कुठलं वाक्य बोलायचं. आणि खाली एक नियम: ही चिठ्ठी असलेला रकाना दुसऱ्या कुणाच्या पानावरून भरायचा नाही, आणि ज्यांना आधी चुकीचं सांगितलं असेल त्यांच्याकडे यंत्राने आपण होऊन जाऊन खरं सांगायचं.

त्यावरची जगभरच्या मंडळींशी चर्चा इंटरनेटवरून, माझ्या गोणपाटाच्या खोलीत बसून झाली. भर दुपारी, बाहेर रंग दिलेले कर्णे वाळत घातलेले. चैताली इंग्रजीत बोलत होती. माझ्या कानातली सोबत मला ते मराठीत सांगत होती, म्हणजे सोबतविरुद्धची तक्रार सोबतच मला समजावून देत होती, आणि इमानाने देत होती, एवढं तिच्या बाजूने म्हणायला हवं. पहिला एक गृहस्थ म्हणाला की एका खेड्याच्या जत्रेसाठी जगाचा कोश कसा बदलायचा? चैताली गडबडली नाही. तिने त्यांना गाऱ्हाणं म्हणून दाखवलं. रकाना म्हणजे काय हे त्या चर्चेतल्या कुणाहीपेक्षा तिने आधी ऐकलं होतं, बापाच्या धोतराला धरून. शेवटी ती म्हणाली, आमच्याकडे उत्तर मिळालं नाही तर माणसं उठून घरी जातात. तेवढंच मी तुमच्या यंत्राला शिकवायला सांगते आहे.

मग इंडोनेशियातल्या एक बाई बोलल्या. त्या म्हणाल्या, आमच्याकडे चंद्र दिसल्याशिवाय ईद नाही, आणि यंत्र दरवर्षी आदल्याच आठवड्यात तारीख सांगून मोकळं होतं. माझी आई चंद्र बघायला गच्चीवर जाते तेव्हा नातवंडं हसतात तिला. फिनलंडचा एक जण म्हणाला, गोठलेल्या तळ्यावरचा आमचा रस्ता कधी उघडायचा ते बर्फ मोजणारा माणूस ठरवतो. यंत्राने सरासरी काढून सांगितलं आणि आमच्या दोन गाड्या पाण्यात गेल्या. मग एकामागून एक लोक बोलायला लागले. मी गोणपाटाला टेकून ऐकत होतो, आणि माझी छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटतं की काय असं वाटलं. आवळखोल नकाशावर शोधावं लागतं हो. त्या आवळखोलचं सगळं जग ऐकत होतं.

चिठ्ठी चाचणीसाठी मान्य झाली. फक्त त्यांनी विचारलं, तोवर बोलायचं वाक्य काय? 'माहिती उपलब्ध नाही' चालेल का?

चैताली म्हणाली, नाही चालणार. उद्या सांगते.

त्या संध्याकाळी मी तिच्याबरोबर घरी गेलो, कारण तिला साक्षीदार हवा होता आणि मला चैन पडत नव्हतं. अण्णा ओसरीवर सुंभ वळत बसले होते. काकी सवयीने पुढे झाली, पण चैतालीने तिला हाताने थांबवलं आणि ती सरळ बापापुढे जाऊन बसली.

"बाबा, देवी कौल देत नाही तेव्हा बाहेर येऊन तुम्ही लोकांना काय सांगता?"

अण्णांनी सुंभ खाली ठेवला. किती तरी दिवसांनी त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"काय सांगूचा? आई अजून बोलाक नाय. बोलली की आमी सांगतलंव."

"एवढंच?"

"मगे आणि काय? नाय बोलली तर नाय बोलली. त्येत लाज कसली?"

तिने ते वाक्य परत एकदा म्हणायला लावलं आणि हाताच्या मुठीतल्या यंत्रात भरून घेतलं. अण्णांना ते दिसलं, आणि त्यांनी सुंभ परत हातात घेतला. काकीने दोघांपुढे एकाच ताटात घावणे आणून ठेवले आणि ती आत गेली.

दोन दिवसांनी सोबतने आयुष्यात पहिल्यांदा माघार घेतली. ज्यांनी ज्यांनी आवळखोलच्या जत्रेबद्दल विचारलं होतं त्या प्रत्येकाच्या कानात ती आपण होऊन बोलली की मी सांगितलेली तारीख चुकीची होती. मुंबईहून माझ्या मेव्हण्याचा फोन आला. तो म्हणाला, इतकी वर्षं कानात घालून फिरतो, पण हिला चूक कबूल करताना आजच ऐकलं. आता हिच्यावर जास्त भरवसा बसला. लोकांनी गाड्या बदलल्या, रजा परत घेतल्या, थोडी बोटंही मोडली असतील. पण बहुतेकांनी ऐकलं. आवळखोलचे लोक परगावी असले तरी देवी बोललेली नाही म्हटलं की पुढचं विचारत नाहीत. मोहनने अकराचा ठराव मागे घेतला, आणि स्वतः अण्णांच्या ओसरीवर जाऊन नारळ ठेवून आला.

आज ती चिठ्ठी जगभर चालते. विणीला आलेली कासवं, चंद्र, बर्फ, पंचांचा निकाल, आजारी माणूस शुद्धीवर येण्याची वेळ, जे जे अजून ठरलेलं नाही त्याला ती लावतात. तुमच्या कानातलं यंत्र कधी 'अजून ठरायचंय' म्हणून गप्प बसलं, तर त्याला ते गप्प बसणं आमच्या गावाने शिकवलं आहे, हे मी येईल त्याला सांगतो. काही लोक ऐकतात, काही चहा संपवून उठतात. जत्रा त्या वर्षी पुढे चैत्रात झाली, उजवी पाकळी पडून, रीतसर. तारीख आधी माझ्या कर्ण्यावरून गेली आणि मग चैतालीने रकाना भरला. त्या क्रमात आजतागायत बदल नाही.

पण माझ्या लक्षात राहिला आहे तो अकरा फेब्रुवारीचा दिवस. सकाळपासून मोहन खिंडीच्या तोंडाशी काठी घेऊन उभा होता. निरोप न पोचलेली दोन-तीन कुटुंबं तेवढी आली, यंत्र न वापरणारी. काकीने त्यांना आंबोळ्या वाढल्या, अण्णांनी दर्शन घडवलं, ती आनंदाने परत गेली. दुपारनंतर देवळापुढचं आवार इतकं मोकळं होतं की कोंबड्या खुशाल हिंडत होत्या. मी आणि अण्णा पायरीवर बसलो होतो. चैताली खाली तळीवर पाय धूत होती.

अण्णा मला म्हणाले, "बाबू, तुझा ता कानातला माका दी बघूया."

अण्णांनी ते यंत्र कधी हातातही घेतलं नव्हतं. मी काढून, शर्टाला पुसून दिलं. त्यांनी ते कानात बसवलं, टोपी सरळ केली आणि देवळात बोलतात तसं ताठ बसून विचारलं, "गो बाय, आवळखोलची जत्रा कदी?"

सोबत त्यांच्या कानात काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. ऐकू यायची गरज नव्हती. चैतालीने तिला अण्णांचंच वाक्य दिलं होतं, त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच ठेक्यात: आई अजून बोलाक नाय, बोलली की आमी सांगतलंव.

जन्मभर अण्णांनी गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही साक्ष दिली. अण्णांना साक्ष देताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी खाली तळीकडे बघितलं. चैताली ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारत होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. अण्णांनी हात जोडले. ते देवीला होते, यंत्राला होते की मुलीला, ते मी ठरवणार नाही.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले.